अमरिलिसला नुसती पानंच येतायत? आधी कात्री बाजूला ठेवा

तुमच्या अमरिलिसला फुलं का येत नाहीत, हा तुमचा प्रश्न वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. पहिल्या वर्षी दोन दांड्यांवर सात फुलं आणि आता दोन वर्षं नुसती पानं, आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की फुलं संपली की कुंडी नीट दिसावी म्हणून पानं छाटता. सगळं तिथेच आहे बघा. मी तीन वर्षं नेमकं हेच केलं.

ऊन, निचरा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. फुलं सुकल्यावर फक्त फुलाचा दांडा कापायचा, हिरव्या पानाला हात लावायचा नाही. अमरिलिसमध्ये साधारण चार पानं झाली की कांद्याच्या, म्हणजे मातीतल्या कंदाच्या आत एक कळी धरते, म्हणजे पुढच्या खेपेची फुलं आत्ताच्या पानांच्या जिवावर पोसली जातात. आणि मी पानं लोळायला लागली की बुडापासून कापून टाकायचे.

फुलं येईनात म्हणून जिथून कांदे घेतले त्या नर्सरीत गेले. तिथल्या माणसाने पानं कापता का, ऊन किती, एक प्रश्न विचारला नाही, जोर नाहीये म्हणाला आणि युरियाची (नत्राच्या खताची) पुडी हातात दिली. मी आपली विश्वासाने घालत राहिले, पानं हातभर लांब, गर्द हिरवी, मऊ, फूल एकही नाही आणि वर नऊपैकी पाच कांदे बुडातून कुजले. त्यातला एक उभा चिरला तर आत कळी होती हो, करंगळीच्या नखाएवढी, वाळून तपकिरी झालेली! फार वाईट वाटलं. विकताना दरवर्षी फुलतो म्हणून सांगता ना, मग गिऱ्हाईक परत आलं की दोन प्रश्न विचारायला काय होतं? मला अजून राग येतो त्याचा.

उरलेल्या चारांची पानं मग अजिबात कापली नाहीत, युरिया बंद, पालाश (पोटॅशियम) जास्त असलेलं खत पातळ करून 15 दिवसांनी. पहिल्या वर्षी काहीच नाही, दुसऱ्या वर्षी दोघांना दांडे आले. तेव्हा लगेच फुलेल असं धरून बसू नका.

फुलं यावीत म्हणून पाणी तोडून कुंडी अंधारात ठेवा असंही कोणी सांगेल. माझं मत, पानं हिरवी असताना जबरदस्ती करू नये, आपणहून पिवळी पडायला लागली तर पाणी कमी करा आणि मग 8-10 आठवडे कांदा कोरडा ठेवा. अर्थात मी काही शेतकी शिकलेली नाही, हे माझ्या कुंड्यांपुरतं, आणि सगळ्या कंदांना जसंच्या तसं लावू नका. ट्युलिपला तर 12 आठवडे तरी 9 अंशांखालचा गारवा लागतो, आणि फ्रिजमध्ये ठेवलात तर सफरचंदांपासून लांब ठेवा, पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो त्याने आतली कळी मरते.

आणि हो, काढलेले कांदे स्वयंपाकाच्या कांद्यांजवळ चुकूनही नकोत, विषारी असतात.

आता एक करा, कांद्याचा घेर टेपने मोजून सांगा. 20 सेंमीच्या बराच खाली असेल तर तो आधी भरायला हवा, फुलांचं त्यानंतर बघू.