आधी एकच दिवा, आणि नाकाची सावली

पोर्ट्रेट, म्हणजे चेहऱ्याचे फोटो, शिकताना तीन फ्लॅश आणायची घाई करू नकोस. एकच दिवा घे, कुणाला तरी स्टुलावर बसव, कॅमेरा बाजूला ठेव आणि दिवा हळूहळू चेहऱ्याभोवती फिरव. नजर मात्र नाकाच्या सावलीवरून हलू देऊ नकोस. कुठली प्रकाशयोजना झाली हे तीच सांगते.

दिवा समोर पण वर असला की सावली नाकाखाली फुलपाखरासारखी पडते. तिला बटरफ्लाय म्हणतात. साधारण ३० ते ४५ अंश बाजूला नेलास की सावली तिरकी होऊन ओठाच्या कोपऱ्याकडे झुकते, गालाच्या सावलीला मात्र भिडत नाही. हा लूप. बहुतेक चेहऱ्यांना शोभतो, म्हणून सुरुवात इथूनच कर. आणखी थोडं पुढे सरकवलंस की दोन्ही सावल्या एकमेकींना मिळतात आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण उरतो. तो रेम्ब्रांट, डच चित्रकाराच्या नावावरून. मला सगळ्यात प्रिय हाच! ९० अंशांवर अर्धा चेहरा अंधारात जातो, तो स्प्लिट.

उंचीकडे मात्र नवशिक्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. डोळ्यांच्या खोबण्या काळवंडल्या आणि बुबुळात दिव्याचा ठिपका दिसेना, तर दिवा फार वर आहे. खाली घे. सावली फारच गडद वाटली तर दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धर. आणि मॉडेलने मान वळवली की सगळं पुन्हा तपास, कारण कोन चेहऱ्यापासून मोजायचा असतो.