ते पथ्य पाळतच नाहीत, मी काय करू?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या बायकांपैकी अनेकींची सुरुवातीची तक्रार झोप न लागण्याची, चिडचिडीची किंवा ‘कशातच मन लागत नाही’ अशी असते. थोडं बोलणं झालं की खरं दुखणं बाहेर येतं. नवऱ्याला शुगर निघालीय, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय आणि हा माणूस ऐकत नाही. ‘मी जीव तोडून करते आणि ते चोरून खातात. आता तुम्हीच समजवा त्यांना.’ आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आला आहे. म्हणजे ही तक्रार किती स्वयंपाकघरांत असेल बघा! म्हणून नाशिकच्या एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. दोघांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू ५८ वर्षांच्या, काका ६३, सरकारी नोकरीतून निवृत्त. घरात मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. काकांना मधुमेह कळून चार वर्षं झाली होती. गोळ्या चालू असूनही एचबीए१सी ९.२ आली होती. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखर सरासरीने कशी होती ते सांगते. ६.५ किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह धरतात आणि बहुतेक रुग्णांनी ती ७ च्या आसपास ठेवावी, असं डॉक्टरांचं म्हणणं असतं.

पहिल्यांदा काकू एकट्या आल्या. रात्री दोन-तीनदा जाग येते, काकांचा श्वास नीट चालू आहे ना ते बघते आणि मग झोप लागत नाही, असं म्हणाल्या. पर्समधून त्यांनी एक वही काढली. त्यात काकांच्या साखरेचे आकडे होतेच, शिवाय त्यांनी कधी काय खाल्लं, खोटं काय बोलले, स्कूटरच्या डिकीत पेढ्यांचा रिकामा बॉक्स कोणत्या तारखेला सापडला, हेही टिपलेलं होतं. साखरेची बरणी त्या कपाटात कुलूप लावून ठेवत. पाहुण्यांसमोर काकांनी बिस्किटाकडे हात नेला तर डोळे वटारत. हे सांगताना त्यांचा आवाज चढत गेला आणि एकदम रडू आलं. त्यांच्या मोठ्या बहिणीच्या यजमानांचं डायलिसिस त्यांनी दोन वर्षं जवळून पाहिलं होतं. त्यांच्या बाबतीतही सुरुवात मधुमेहानेच झाली होती.

मी त्यांना एकच गोष्ट विचारली. काल घरात कोणी काय खाल्लं ते सकाळपासून सांगा, फक्त काकांचं नको, सगळ्यांचं.

सकाळी सगळ्यांना बटाटेपोहे, काकांना दूध न घातलेले साधे ओट्स. दुपारी घरच्यांसाठी फ्लॉवरबटाटा, आमटी, पोळ्या, भात. काकांसाठी वेगळ्या पातेल्यात बिनफोडणीची दुधी आणि दोन कोरड्या पोळ्या. काकांना लवकर वाढून दिलं जायचं, कारण उशीर झाला तर शुगर खाली जाईल ही भीती. त्यामुळे ते एकटेच जेवायचे. संध्याकाळी नातवासाठी शिरा केला होता. त्याचा वास घरभर आणि काकांच्या हातात चार फुटाणे!

दिवसातून दोन-दोन स्वयंपाक करून काकू दमल्या होत्या. आणि चार वर्षं रोज एका माणसाला, त्याच्याच घरात, त्याने आयुष्यभर चालवलेल्या घरात, वेगळं बसवून बेचव अन्न वाढलं जात होतं. माझं स्पष्ट मत आहे की असं पथ्य टिकत नाही. एकट्या माणसावर लादलेलं पथ्य त्याला शिक्षेसारखं वाटतं आणि शिक्षेतून माणूस पळवाट शोधतो. काकूंच्या कष्टांत काडीचीही कमतरता नव्हती, दिशा तेवढी चुकली होती.

पुढच्या वेळी काका आले. नाइलाजाने आले, हात बांधून बसले. ‘मी कुठे जाडा आहे? माझं वजन ६२ किलो. उगाच बाऊ करतात घरात,’ हे पहिलं वाक्य. हा गैरसमज फार जणांचा असतो, म्हणून त्यांना एक खरी गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्याही पोटात चरबी साठलेली असते आणि मधुमेहाचा धोका तिथून वाढतो. काकांनी हात सोडले आणि टेपने कंबर कुठे मोजायची ते विचारलं. नोकरीत आकड्यांशीच काम केलेला माणूस, त्यांना उपदेशापेक्षा आकडा पटला.

मग हळूहळू बोलू लागले. पेढे फार आवडतात असंही नाही, म्हणाले. ‘घरात मी काहीही खायला घेतलं की चार डोळे वळतात. सून बोलत नाही, पण बघते. नातू सुद्धा म्हणतो, आजोबा तुम्हाला नाही! दुकानात उभा राहून खाताना निदान कोणी बघत नाही.’ आणि थोडं थांबून, ‘निवृत्त झाल्यापासून घरात माझी ओळख एवढीच राहिलीय, पेशंट.’

खाण्यावरून भांडणाऱ्या बहुतेक जोडप्यांत मला हे दिसतं. एकाला भीती वाटते आणि ती ओरडण्यातून बाहेर येते. दुसऱ्याचा मान दुखावतो आणि तो लपवण्यातून बाहेर येतो. पेढा मधल्यामध्ये निमित्त होतो. म्हणून दोघांना समोरासमोर बसवलं आणि काकूंना सांगितलं की आज एकही सूचना द्यायची नाही, फक्त कसली भीती वाटते ते सांगायचं. बराच वेळ त्या ‘अहो, पण तुम्ही’ एवढ्यावरच अडत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘ताईच्या घरी मशीनला लावलेल्या नळ्या बघितल्यात मी. तुम्हाला तसं बघायची माझ्यात ताकद नाही.’ काकांना यातलं काही माहीत नव्हतं. बायको स्वभावानेच करडी झालीय, असं ते धरून चालले होते.

त्या बैठकीत एक करार झाला. वही काकूंनी काकांच्या हवाली करायची. साखर तपासणं, गोळ्या संपायच्या आत आणणं, डॉक्टरांची तारीख लक्षात ठेवणं ही सगळी कामं काकांची. काकूंनी विचारायचं नाही, काकांनी रविवारी स्वतःहून आकडे सांगायचे. बरणीचं कुलूप काढायचं. बाहेर काही खाल्लं तर घरी येऊन सांगायचं आणि ऐकणाऱ्याने त्यावर फक्त ‘बरं’ म्हणायचं. हे ‘बरं’ काकूंना सगळ्यात जड गेलं, हे नमूद करायलाच हवं. पण खरं सांगितल्यावर बोलणी खावी लागली की माणूस पुन्हा खोटं बोलतो, मग वयाची कितीही वर्षं उलटलेली असोत.

आता स्वयंपाकाकडे वळते, कारण इथेच घराचं आरोग्य ठरतं. घरात एकच स्वयंपाक करायचा, तोच सगळ्यांनी एकत्र बसून खायचा, असं ठरलं. सूनबाईंना बोलावून घेतलं, कारण संध्याकाळचा ओटा त्यांच्याकडे असतो. त्यांचं आधी म्हणणं आलं, ‘आजोबांच्या आजारासाठी मुलाने का बेचव खायचं?’ रास्त प्रश्न होता. पण बेचव कोणीच खायचं नव्हतं. दुधीला हिंग, जिरं, लसूण, ओल्या खोबऱ्याचा चव, वरून कोथिंबीर हे सगळं मधुमेह्याला चालतं. फोडणीवर बंदी नसते, तेल मोजून घालायचं असतं. त्यांच्याकडे महिन्याला पाच लिटरचा डबा संपत होता. बैठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम तेल-तूप पुरतं, त्या हिशोबाने चार मोठ्या माणसांचं आणि एका लहानाचं चार लिटरच्या आसपास भागायला हवं. त्यांनी एक सोपी गोष्ट केली. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवलं. तळणीचा हात आपोआप आखडला.

ताटातला क्रमही बदलला. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि भाजी, मग मटकीची उसळ किंवा आमटीतली घट्ट डाळ, पोळी-भात शेवटी. अशा क्रमाने खाल्लं तर जेवणानंतर साखर झपकन चढत नाही. भात बंद केला नाही, दोन मुदींची एक मूद झाली. ज्वारीची भाकरी आली, पण ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ हा समज खोडून काढावा लागला. काका आनंदाने तीन भाकऱ्या खायला लागले होते! ज्वारीतही पिष्ट (स्टार्च) असतंच, त्यामुळे भाकरीही मोजूनच. तसंच गुळाचं. ‘साखर नाही, गुळाचा चहा देते,’ असं काकू मला अभिमानाने सांगत होत्या. गुळात बहुतांश साखरच असते आणि रक्तातली साखर तोही वाढवतो.

उपासाचा विषय काढल्यावर काका कसनुसे झाले. एकादशी आणि सोमवार ते नेमाने धरतात. सकाळी काही नाही आणि दुपारी ताटभर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याने साखर उसळते. त्याआधी काही गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी राहिलं तर ती ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. तेव्हा पथ्य बाजूला ठेवून लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं, त्यांच्या घरात कोणालाच नव्हतं. उपासाचं काय करायचं ते मी ठरवलं नाही, तो डॉक्टरांचा अधिकार. त्यांनी त्या दिवसाच्या गोळीची वेळ बदलली आणि खिचडीऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, तेही बेताने, असं सांगितलं.

राहिली रविवारची मिसळ. नाशिकच्या माणसाला मिसळ सोडायला सांगणं मला स्वतःलाच पटत नाही. मित्रांबरोबर मिसळ खाणं हा काकांच्या आठवड्यातला एकमेव असा तास होता जिथे ते पेशंट नव्हते. तो काढून घेतला असता तर बाकीचं सगळं कोसळलं असतं. मिसळ राहिली. मटकी जास्त, फरसाण थोडं, पाव एक, जिलबी नाही आणि जाताना चालत. येताना कृषीनगरच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या. रोज रात्री जेवल्यावर दोघं पंधरा मिनिटं सोसायटीतच चालू लागले. जेवणानंतरच्या चालण्याने साखर उतरायला मदत होते. शिवाय त्या पंधरा मिनिटांत आजाराचा विषय काढायचा नाही, असा नियम काकांनी घातला.

याच सगळ्यात एक गोष्ट समोर आली. गेल्या कित्येक वर्षांत काकूंची स्वतःची कुठलीही तपासणी झालेली नव्हती. काकांच्या दवाखान्यात महिन्याला जाणारी बाई, पण खुर्चीत कायम शेजारची! मी आग्रह धरला तेव्हा रक्तदाब १५८/९६ निघाला. डॉक्टरांनी पुन्हा दोनदा मोजून मगच गोळी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात पापड-लोणच्यातलं मीठही आलं. काकूंना प्रत्येक जेवणाबरोबर लोणचं लागायचं. आता लोणच्याची बरणी टेबलावरून फडताळात गेली आणि या वेळी ती काकांनी ठेवली. मला भीती होती की आता उलटा पहारा सुरू होतो की काय. पण ते बरणी ठेवून गप्प बसले.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत काकांची एचबीए१सी ७.८ आली. डॉक्टरांनी एक गोळीही बदलली होती, त्यामुळे श्रेय सगळं स्वयंपाकघराला देता येणार नाही. ७ अजून दूर आहे. पेढा पूर्ण सुटलेला नाही, मात्र आता तो घरात येतो आणि त्याचे चार तुकडे होतात. सूनबाई आणि काकूंची तेलाच्या बरणीवरून मधूनच कुरबुर होते. काकूंची झोप सुधारली, पहाटेची जाग अजून आहे.

ज्यांचा नवरा समुपदेशनाला यायलाच तयार नसतो त्या बायका विचारतात की मग आम्ही काय करावं. वेगळं पातेलं बंद करा आणि स्वतःची तपासणी करून घ्या, या दोन गोष्टींना कोणाची परवानगी लागत नाही. मात्र घरातला मधुमेही माणूस आठवडेच्या आठवडे गप्प असेल, गोळ्या मुद्दाम टाळत असेल, ‘आता काय उरलंय’ असं बोलत असेल, तर तो हट्ट समजू नका. मधुमेहाबरोबर नैराश्य येण्याचं प्रमाण बरंच आहे आणि त्यावर उपचार आहेत. आपल्या डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.