कलियुगाचं अजून उजाडायचंय

पंचांगातलं गणित : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत कलियुगच फार. चार पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : मोबाइलवरचा एक व्हिडिओ पाहून आई हादरली आहे. कलियुग यंदाच संपणार, जलप्रलय होणार, असं त्यात छातीठोकपणे सांगितलंय. "आता कशाला?" म्हणून तिनं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा पुढे ढकललं. तिला काय सांगू? (एक वाचक, सिडको)

उत्तर : आईंना आधी वजाबाकी दाखवा. कलियुग एकूण ४,३२,००० वर्षांचं. शालिवाहन शकात ३,१७९ मिळवले की गतकली निघतो, म्हणजे कली लागून किती वर्षं झाली ते. सध्या शके १९४८, म्हणून गतकली ५,१२७. शिल्लक राहिली ४,२६,८७३ वर्षं. तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून होतात.

शिवाय प्रत्येक युगाच्या आधी संध्या असते, म्हणजे पहाटेसारखा संधिकाल, आणि शेवटी तसाच संध्यांश. कलीची नुसती संध्याच ३६,००० वर्षांची. आपण अजून तिच्यातच आहोत, म्हणजे पुराणांच्या हिशेबानं कलियुगाचं नीट उजाडलेलंही नाही! आणि समजा संपलंच, तरी पुढे कृतयुग, म्हणजे सत्ययुग, लागतं. मोठा प्रलय कल्पाच्या शेवटी. चार युगं मिळून एक महायुग; कल्प म्हणजे अशी हजार महायुगं, ४३२ कोटी वर्षं, आणि त्यातली अजून निम्मीही सरलेली नाहीत. व्हिडिओवाले बहुधा एक खुबी करतात. कली १,२०० दिव्य वर्षांचा, आणि एक दिव्य वर्ष म्हणजे माणसांची ३६० वर्षं. हा ३६०चा गुणाकार गाळला की युगं आटोपशीर होतात आणि शेवट हव्या त्या साली आणून बसवता येतो. वर्गात असं कोणी केलं असतं तर मी त्याला पुन्हा फळ्यापाशी बोलावलं असतं.

खरं तर हे सगळं आईंनी शेकडो वेळा ऐकलेलं आहे. रामकुंडावर कुठल्याही सकाळी जरा थांबा. यजमान ओल्या धोतरानं पाटावर, समोर ताम्हन, गुरुजींच्या हातात पळी. संकल्प सुरू होतो : ब्रह्मदेवाचं दुसरं परार्ध, श्वेतवाराह कल्प, सातवं म्हणजे वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं महायुग, कलियुगाचा प्रथम चरण. हा एक चरणच १,०८,००० वर्षांचा. मग तिथून थेट गोदावरी. पलीकडे पंचवटीत "उत्तरे तीरे", अलीकडे आमच्या जुन्या नाशकात "दक्षिणे तीरे". पुढे संवत्सर, मास, पक्ष, तिथी. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून आजच्या तिथीपर्यंत गुरुजी एका दमात येतात आणि अडतात ते यजमानाच्या गोत्रापाशी, कारण ते त्याला आठवत नसतं. पळीतलं पाणी तोवर ताम्हनात ठिबकत राहतं.

प्रश्न : पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना सीतागुंफा दाखवत होते. एक जण म्हणाला, रामाला सात हजार वर्षं झाली. दुसरा म्हणाला, नऊ लाख. खरं कोणाचं? (एक भगिनी, पंचवटी)

उत्तर : ताई, दुसऱ्याचं गणित पुराणाला धरून आहे. त्रेता संपून द्वापराची ८,६४,००० वर्षं गेली, वर गतकली ५,१२७. झाली ८,६९,१२७. पण हरिवंशात रामावतार चोविसाव्या युगातला, म्हणजे महायुगातला, सांगितला आहे. सध्याचं महायुग अठ्ठाविसावं, म्हणून तो हिशेब धरला तर आणखी चार महायुगं मागे जायचं, म्हणजे १,८१,४९,१२७ वर्षं. नऊ लाख म्हणणारेही मग कमीच सांगताहेत!

उत्खननाचा हिशेब निराळा. हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकच्या मातीच्या गढीवर खणलं, तेव्हा तळाशी ताम्रपाषाणयुगातली वस्ती लागली, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. गंगापूरजवळ गोदेच्या काठी दगडी हत्यारं मिळाली, ती अश्मयुगीन. यातलं काहीही पुराणातल्या आकड्यांना ओढूनताणून जुळवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुण्यांना दोन्ही सांगा आणि सरळ काळाराम दाखवायला न्या.

प्रश्न : सर, गुरूला सूर्याभोवती फिरायला बरोबर बारा वर्षं लागत नाहीत, असं आम्हाला शिकवलं. मग सिंहस्थ बारा वर्षांनीच कसा? (नववीची विद्यार्थिनी, इंदिरानगर)

उत्तर : शाब्बास. या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा.

वही काढ. आर्यभटाच्या गणितात एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, गुरूच्या ३,६४,२२४ फेऱ्या होतात. भागाकार कर. ११.८६ येतं की नाही? आजची वेधशाळाही ११.८६च सांगते. महायुग एवढं लांबलचक का, याचं एक उत्तर इथेच आहे. प्रत्येक ग्रहाच्या फेऱ्या पूर्णांकात बसाव्यात, अपूर्णांक उरू नये, असा काळ ज्योतिषांना हवा होता. तू लसावि काढतेस, त्याच जातीचं काम, फक्त आकाशाएवढं. बारा आणि तीस यांचा लसावि किती? साठ. गुरूच्या ढोबळ बारा आणि शनीच्या ढोबळ तीस वर्षांचा मेळ साठाला बसतो, आणि आपली संवत्सरंही साठच.

आता सिंहस्थ, म्हणजे गुरू सिंह राशीत असतानाचा कुंभमेळा. प्रत्येक फेरीला गुरू बारा वर्षांतले सुमारे पावणेदोन महिने वाचवतो. सात फेऱ्यांना ८४ऐवजी ८३च वर्षं पुरतात, म्हणून मधूनच एखादा सिंहस्थ अकराव्या वर्षी येतो. नाशिक-त्र्यंबकचे सिंहस्थ बघ : २००३, २०१५ आणि आता २०२६-२७. २०१५च्या जुलैत गुरू सिंहेत गेला होता. यंदा ऑक्टोबरअखेर जातो. सव्वाअकरा वर्षं! मग वक्री होऊन मागे कर्केत येतो आणि २०२७च्या उन्हाळ्यानंतर पुन्हा सिंहेत, म्हणून मुख्य स्नानं तेव्हा.

आणखी एक गंमत. आर्यभटानं चारही युगं सारखीच धरली, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची. कृत मोठं, कली छोटा, ही उतरंड त्यानं मानलीच नाही. ब्रह्मगुप्तानं त्यावरून त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तोच आर्यभट सांगतो, कलीची ३,६०० वर्षं झाली तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. त्यावरून त्याचं जन्मसाल काढ आणि मला पाठव. इसवी सनात शून्य वर्ष नाही, एवढं लक्षात ठेव.

प्रश्न : यंदाच्या संवत्सराचं नाव 'पराभव'. मुलाचं लग्न पुढच्या साली करावं का? (एक काळजीत पडलेले वडील, सिन्नर)

उत्तर : काका, पुढचं 'प्लवंग', म्हणजे माकड. तुम्हीच ठरवा! मागचं पराभव संवत्सर शके १८८८, म्हणजे १९६६-६७. त्या साली लग्न झालेलं एखादं जोडपं सिन्नरात सापडेलच. यंदा त्यांच्या लग्नाला साठ होतील. आमंत्रणाला त्यांच्याचकडे आधी जा.