मालगाडीला बंद इंजिनं कशाला जोडतात?

तुम्ही विचारलंय की मालगाडीला पुढे तीन इंजिनं होती, त्यातली दोन बंद, मग उगाच ओढत कशाला नेतात? हाच प्रश्न मी पुण्यात घोरपडीच्या रेल्वे फाटकात अडकून अडकून शेवटी मामांना विचारला होता, ते डिझेल शेडला, म्हणजे इंजिनं दुरुस्त करतात तिथे, फिटर होते, आता रिटायर झालेत. म्हणाले, "अरे ते आज इंजिन नाहीच, डबा समज."

म्हणजे कसं, इंजिन इन्स्पेक्शनला शेडला न्यायचं असतं, नाहीतर एका टोकाला इंजिनं साठलेली असतात आणि दुसरीकडे गाड्या इंजिनाविना खोळंबलेल्या. आता ते एकटं चालवत न्यायचं तर लोको पायलट (इंजिनाचा ड्रायव्हर) आणि असिस्टंट असे दोघं त्याच्यासाठी वेगळे लागणार, आणि मुख्य म्हणजे लाइनवर जागा लागणार, कारण सिग्नलच्या हिशोबात एकटं इंजिन काय आणि अठ्ठावन्न डब्यांची गाडी काय, रस्ता दोघंही अडवतातच, आणि आपल्या पुणे-लोणावळा लाइनवर लोकल, एक्सप्रेस, मालगाड्या सगळ्यांची आधीच मारामारी. त्यापेक्षा तिकडेच चाललेल्या गाडीला जोडून दिलं की काम झालं. वजनाचं म्हणाल तर मालगाडीचं विजेचं डब्ल्यूएजी ९ इंजिन १२३ टनांचं, भरलेली मालगाडी चार-पाच हजार टनांची, म्हणजे दीडेक डबा जास्त ओढल्यासारखं.

बरं, बंद इंजिन मोटारगाडीसारखं न्यूट्रलमध्ये टाकता येत नाही हां, त्याला क्लचच नसतो. मोटरी चाकांच्या ॲक्सलला गिअरने कायमच्या जोडलेल्या, त्यामुळे चाकं फिरली की त्याही फिरणार, फक्त त्यांचं सर्किट तोडलेलं असतं म्हणून अडवत नाहीत. ब्रेकच्या हवेचे पाइप मात्र पुढच्या इंजिनाला जोडतात, पुढून ब्रेक लावला की ह्यालाही लागला पाहिजे, नाहीतर १२३ टनांचा धोंडा मोकळाच की.

पण दुसऱ्या इंजिनाच्या केबिनमध्ये कोणी दिसलं नाही म्हणून ते बंद असं समजू नका, मी कित्येक वर्षं तेच समजत होतो. पॅन्टोग्राफ, म्हणजे छतावरचा वीज घेणारा सांगाडा, वर तारेला टेकलाय आणि आतून ब्लोअरचा (गार करणाऱ्या पंख्याचा) घूं आवाज येतोय म्हणजे ते बहुतेक जोर लावतंय, पुढचा पायलट एकाच केबिनमधून दोन्ही चालवतो. परतीला रिकामे डबे असले की एवढा जोर लागतच नाही, मग एक इंजिन नुसतं फिरायला आल्यासारखं.

आणि घाट चढायला कर्जतला मागून लावतात ती बँकर इंजिनं ह्यात धरू नका, ती बिचारी खरी राबतात. भोर घाटात ३७ मीटर गेलं की १ मीटर चढ, बँकर ढकलत लोणावळ्यापर्यंत आणतात आणि तिथून परत खाली, पुढच्या गाडीसाठी. ते जोडेपर्यंत गाडी कर्जतला थांबते आणि आपण वडापाव घेतो.

डिझेल इंजिन यार्डात नुसतं धडधडत उभं असतं तो प्रकार वेगळा. बॅटरी कमजोर असेल तर एकदा बंद केलेलं परत चालू होईल ह्याचा भरवसा नाही, आणि बंद केलं की ब्रेकची हवाही हळूहळू उतरते, म्हणून मामांच्या वेळी सहसा कोणी बंद करायचंच नाही.