वाचकांचे प्रश्न : आईला केंद्रात ठेवताना काय पाहावे?

प्रश्न : माझी आई 78 वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू जवळजवळ निकामी झाली असून गिळतानाही तिला त्रास होतो. आम्ही पतिपत्नी दोघेही नोकरी करतो आणि ब्यूरोकडून येणाऱ्या बायका महिना-दीड महिन्यात बदलतात. अखेर तिला एखाद्या शुश्रूषा केंद्रात ठेवावे, असे घरात ठरले. दोन ठिकाणे पाहिली. एक तीनमजली, लिफ्ट, बाग आणि वातानुकूलित खोल्या असलेले. दुसरे जुन्या बंगल्यातले, 14 खाटांचे. नातेवाईक पहिल्याच्या बाजूने आहेत. आम्हाला मात्र तिथली सेवा खरोखर कशी आहे, हे कशावरून ओळखावे, ते समजत नाही. — अ. कु., ठाणे

उत्तर : आपण सेवेविषयी विचारता आहात आणि नातेवाईक इमारतीविषयी बोलत आहेत, एवढा फरक आपल्या लक्षात आलेला आहे, त्यामुळे निम्मे काम झाले आहे. आता उरलेले निम्मे.

सर्वप्रथम दोन्ही ठिकाणी नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. आजारी किंवा दुर्बल व्यक्तींना दाखल करून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा करणारी जागा महाराष्ट्रात 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येते; शहरात महापालिकेकडे ही नोंदणी होते, तिचे ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक असते. वृद्धांना ठेवून घेणारी अनेक केंद्रे मात्र केवळ निवासाची सोय म्हणून, एखाद्या न्यासाच्या किंवा कंपनीच्या नावाने चालतात. अशी जागा वाईटच असते असे मुळीच नाही, पण तिथल्या परिचारिका, औषधे आणि नोंदी तपासायला आरोग्य अधिकारी येतील, असे गृहीत धरता येत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्याविषयीचा 2007 चा केंद्रीय कायदा आहे, परंतु त्यातील वृद्धाश्रमांचे कलम प्रत्येक जिल्ह्यात निर्धनांसाठी शासनाने उभारावयाच्या आश्रमांविषयी आहे. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच 2024 मध्ये लोकसभेबरोबर विसर्जित झाले. त्यामुळे आपल्याकडे तपासणीचे काम पुष्कळ अंशी कुटुंबालाच करावे लागते.

वेळ ठरवून गेलात की व्यवस्थापक आपल्याला खोल्या, बाग आणि जेवणाचा तक्ता दाखवतील. दुसऱ्यांदा न कळवता जावे, आणि शक्यतो रविवारी संध्याकाळी सात वाजता, कारण त्या दिवशी बहुतेक ठिकाणी माणसे कमी असतात आणि त्या वेळी जेवण भरवण्याचे काम सर्वांत जास्त असते. आपल्या आईंना गिळण्याचा त्रास असल्याने ही अर्धी घटका तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. पेशंटला सरळ ताठ बसवले आहे का, हनुवटी किंचित खाली ठेवली आहे का, लहान चमच्याने एक घास देऊन तो गिळेपर्यंत भरवणारी मावशी थांबते का, आणि जेवणानंतर किमान अर्धा तास त्यांना बसते ठेवतात का, एवढे पाहावे. उताणे झोपवून पातळ वरण किंवा चहा तोंडात ओतला जात असेल, तर तो श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो, आणि पक्षाघाताच्या रुग्णांत हे नेहमी घडते. व्यवस्थापकांना विचारायचा प्रश्न एकच : इथे हाताने भरवावे लागणारे किती जण आहेत आणि या वेळी भरवणारे हात किती आहेत? आठ जणांसाठी दोन मावश्या असतील, तर उत्तर तुम्हाला गणितानेच मिळाले.

यानंतर रात्र. रात्री किती जण कामावर असतात, यापेक्षा किती जण जागे असतात, हे विचारावे. स्वतःहून कूस बदलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर बेड असला तरी हे काम सुटत नाही. तसे न केल्यास माकडहाड, टाचा आणि कमरेच्या बाजूच्या हाडांवर बेडसोअर होतात. दाबल्यावरही न फिकटणारी लाली ही त्यांची पहिली खूण असते आणि या अवस्थेत ते लक्षात आले तर पुढचे सारे टळते. कूस बदलल्याची नोंदवही बघायला मागावी. रात्री दहा, बारा, दोन, चार अशा सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, एका दमात केलेल्या दिसल्या, तर त्या सकाळी चहाच्या वेळी भरल्या गेल्या असे समजायला हरकत नाही. आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : आज इथे किती जणांना बेडसोअर आहेत आणि त्यांतल्या किती जणांना ते इथे आल्यानंतर झाले? आकडा सांगून, कोणाला का झाले आणि आता काय करतो आहोत हे समजावणारा व्यवस्थापक, ‘आमच्याकडे असे कधी होतच नाही’ असे म्हणणाऱ्यापेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटतो. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांच्या केंद्रात असे कधीच होत नाही, हे खरे असणे कठीण.

त्वचेखालोखाल महत्त्वाची गोष्ट वजन. प्रत्येकाचे वजन दर महिन्याला करून लिहून ठेवतात का? महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणे ही गंभीर बाब मानली जाते. म्हणजे 50 किलो वजनाच्या व्यक्तीचे वजन एका महिन्यात अडीच किलोने घटले, तर डॉक्टरांनी त्याची दखल घ्यायलाच हवी. उभे राहता न येणाऱ्यांसाठी खुर्चीचा वजनकाटा नसेल, तर निदान दंडाचा घेर टेपने मोजून लिहिता येतो. भिंतीवर लावलेल्या जेवणाच्या तक्त्यात सोमवारी शिरा आणि गुरुवारी खीर असे छान लिहिलेले असते, पण ती खीर पोटात किती गेली हे वजनावरूनच कळते.

सकाळी अकराच्या सुमारासही एकदा चक्कर मारावी. त्या वेळी सगळेच गाढ झोपलेले असतील, तर रात्री शांतता राहावी म्हणून सरसकट झोपेचे औषध दिले जात असण्याची शंका घ्यावी आणि ते कोणत्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिले जाते, हे स्पष्ट विचारावे. हात खाटेला बांधलेले कोणी दिसले, तर ते किती वेळ बांधलेले असतात, कोणाच्या लेखी सांगण्यावरून आणि कुटुंबाला कळवून की न कळवता, हेही. लघवीची नळी किती जणांना आहे, याचीही चौकशी करावी, कारण डायपर बदलण्याचा व्याप वाचावा म्हणून नळी टाकली जाते आणि पुढे मूत्रमार्गाचा संसर्ग पाठ सोडत नाही. वासाबद्दल सगळेच सांगतात. मी एवढेच जोडतो की दिवसभर फिनेलचा उग्र वास येणारी जागाही मला स्वच्छ वाटत नाही.

माणसांविषयी विचारताना पदव्यांची गल्लत होऊ देऊ नये. जीएनएम परिचारिकेचे शिक्षण तीन वर्षांचे, एएनएमचे दोन वर्षांचे असते, तर अटेंडंटचा अभ्यासक्रम अल्प मुदतीचा असतो. पांढरा गणवेश मात्र तिघींच्याही अंगावर असू शकतो. नळीतून अन्न देणे, जखमेचे ड्रेसिंग, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देणे ही कामे कोण करते, हे नाव घेऊन विचारावे. येथील सर्वांत जुन्या मावशी किती वर्षांपासून आहेत, हा प्रश्न मला फार उपयोगाचा वाटतो. आपल्या घरी जो त्रास झाला, म्हणजे दर महिन्याला नवा चेहरा, तोच तिथे असेल, तर केवळ पत्ता बदलेल. ज्या मावशीला पेशंटच्या गिळण्याची, खोकण्याची, गप्प बसण्याची सवय माहीत असते, तिलाच आज काहीतरी बिनसले आहे हे कळते.

आता आपली दोन ठिकाणे. बाग चांगलीच, परंतु चाकाच्या खुर्चीतून तिथे कोण नेते आणि आठवड्यातून किती वेळा, हे विचारले म्हणजे तिची किंमत कळेल. बंगल्यात पायऱ्या, उतार, आग लागल्यास अंथरुणावरच्या पेशंटना बाहेर काढण्याची वाट आणि अग्निशामक सिलिंडरची तारीख पाहावी. या बाबतीत जुन्या वास्तू बहुधा मागे असतात. फिजिओथेरपी दोन्हीकडे जाहिरातीत असेलच. झटक्याला सहाच महिने झाले असल्याने ती आपल्या आईंसाठी अजून फार मोलाची आहे, म्हणून आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटे आणि कोणाकडून, हे करारात लिहून घ्यावे. त्याच करारात डायपर, औषधे आणि ड्रेसिंगचा खर्च वेगळा की धरून, रात्री प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेणार आणि सोबत कोण जाणार, अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हेही असावे. दाखल करण्याच्या दिवशी परिचारिकेसमक्ष आईंच्या पाठीची, टाचांची पाहणी करून वजनासह लिहून ठेवावे आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. पुढचे वाद त्यामुळे वाचतात. शक्य असल्यास प्रथम दोन-तीन आठवड्यांसाठीच ठेवावे. बहुतेक केंद्रे तशी सोय देतात, आणि जी देत नाहीत त्यांना कारण विचारावे.

आपण वर्णन केले त्यावरून मला कोणते ठिकाण बरे वाटते, असे कोणी विचारले तर 14 खाटांच्या बंगल्याकडे माझा कल राहील. मात्र तिथे रात्री एक तरी प्रशिक्षित परिचारिका जागी असेल, या अटीवर.

प्रश्न : वडील आठ महिन्यांपासून एका केंद्रात आहेत. गेल्या तीन भेटींत त्यांच्या हातांवर काळेनिळे डाग दिसले. ‘म्हातारी कातडी आहे, असे होतेच’ असे तिथे सांगितले जाते. वडील काहीच बोलत नाहीत. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते सांगतात त्यात तथ्य असू शकते. उतारवयात त्वचा पातळ होते आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर किरकोळ धक्क्यानेही डाग पडतात. ते बहुधा हाताच्या पुढच्या भागावर, बाहेरच्या बाजूला असतात. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या आकाराचे डाग, दोन्ही मनगटांभोवती वळ किंवा वेगवेगळ्या जुनेपणाचे डाग एकाच वेळी दिसले, तर मात्र हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. तारखेसह छायाचित्रे काढावीत, वडील पडल्याची नोंद आहे का ते लेखी विचारावे आणि केंद्राशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडून त्यांची तपासणी करून घ्यावी. वडिलांशी बोलायचे तर बाहेर नेऊन, तिथले कोणी जवळ नसताना बोलावे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क आहे. मारहाणीची शंका डॉक्टरांनी व्यक्त केली, तर पोलिसांकडे जाण्यास विलंब करू नये आणि त्याआधी वडिलांना तिथून हलवावे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण तो पुढचा भाग झाला.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासूबाईंच्या मांडीचे हाड मोडल्यावर रुग्णालयाने नर्सिंग होमची यादी दिली आणि तारांकने पाहून निवडा असे सांगितले. ही तारांकने किती विश्वसनीय आहेत? — श्री. दे.

उत्तर : आपल्याकडे जे नाही ते तुम्हाला उपलब्ध आहे, त्याचा पूर्ण उपयोग करावा. अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीची केंद्र सरकारची आरोग्य विमा यंत्रणा, 2008 पासून प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देते. एकूण ताऱ्यांवर न थांबता त्यामागचे तीन भाग वेगवेगळे पाहावेत. आरोग्य तपासणीचे तारे राज्याच्या निरीक्षकांनी प्रत्यक्ष जाऊन केलेल्या पाहणीवर बेतलेले असतात. कर्मचारीसंख्येचे तारे पगारपत्रकांवर आधारलेल्या माहितीवरून ठरतात. त्यात शनिवार-रविवारची संख्या आणि कर्मचारी सोडून जाण्याचे प्रमाणही दिसते. तिसरा भाग गुणवत्तेच्या निर्देशांकांचा आहे आणि त्यातील बरीचशी माहिती नर्सिंग होम स्वतःच भरते, म्हणून पहिल्या दोन भागांत दोन तारे आणि तिसऱ्यात पाच असे दिसले तर मी पहिल्या दोनांवर विश्वास ठेवीन. तपासणीचा मूळ अहवालही वाचता येतो. कोणत्या रात्री कोणाच्या बेलला किती उशिरा उत्तर मिळाले, इतक्या तपशिलाने तो लिहिलेला असतो. त्याशिवाय प्रत्येक राज्यात निवासींच्या तक्रारी पाहणारा लोकपाल असतो, त्याच्या कार्यालयाला त्या विशिष्ट जागेविषयी फोन करून विचारावे.

सासूबाई मराठीच बोलत असतील आणि शाकाहारी असतील, तर या दोन गोष्टी कोणत्याही ताऱ्यात मोजलेल्या नाहीत. दुखते आहे हे सांगता न आल्याने वेदनाशामक वेळेवर न मिळणे आणि ताटातले खाता न आल्याने वजन उतरणे, हे दोन्ही धोके खरे आहेत. दुभाष्याची सोय फोनवर होते का, ते दाखल होण्यापूर्वी विचारावे, आणि घरचा डबा देऊ देतात का, तेही. मेडिकेअरच्या निकषांत बसल्यास पुनर्वसनासाठीचा मुक्काम जास्तीत जास्त 100 दिवसांपर्यंत मिळतो आणि 21 व्या दिवसापासून त्यात रोजचा हिस्सा आपल्याला भरावा लागतो. सासूबाई नुकत्याच अमेरिकेत आल्या असतील, तर मुळात मेडिकेअर आहे का, हे रुग्णालयाच्या समाजसेविकेकडून आजच निश्चित करून घ्यावे.