मोठं गणित दिसलं की पान उलटतो

"मॅडम, सुटी सुटी गणितं पटापट करतो. पाच ओळींचं गणित दिसलं की पान उलटतो. कंटाळाच करतो ना हा?" दिवाळीची सुट्टी संपली की दहावीच्या पालकांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. आईशेजारी बसलेला मुलगा पेनाचं टोपण काढत-घालत होता.

आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. आई समोर असली की मुलं उत्तर तिच्या चेहऱ्यावर शोधतात. मग त्याला एक गणित दिलं: अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं, त्रिज्या 5 सेमी, शंकूची उंची 12 सेमी, एकूण पृष्ठफळ काढा. त्याने दोनदा वाचलं. "सूत्रच आठवत नाही."

आठवणार कुठून? अख्ख्या खेळण्याचं सूत्र त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. डोक्यात एका वेळी मोजकंच मावतं. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये ती मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. त्यातली निम्मी जागा भीतीनेच अडवलेली. हा कंटाळा नव्हे.

"खेळणं रंगवायचंय. ब्रश कुठे कुठे फिरेल?"

"वर शंकूवर. खाली गोलावर."

त्याने चित्र काढलं, मधे आडवी रेघ मारली. शंकूसाठी तिरकस उंची हवी, हे त्यालाच सुचलं. 5 चा वर्ग 25 आणि 12 चा वर्ग 144, मिळून 169, त्याचं वर्गमूळ 13. शंकूचं वक्रपृष्ठफळ 3.14 × 5 × 13, म्हणजे 204.1. अर्धगोलाचं 157. इथवर पोरगं सुसाट. मग म्हणाला, "वर्तुळ राहिलं," आणि 78.5 मिळवायला लागला.

मी मधल्या रेघेवर बोट ठेवलं. "इथे ब्रश जाईल?"

बराच वेळ बघत राहिला. "अरे, हे तर चिकटलंय!" 78.5 वर काट. उत्तर 361.1 चौसेमी.

तुकडे करायला सगळेच सांगतात. ते जोडलेत कुठे, हे मुलांना कुणी विचारत नाही, आणि माझ्या अनुभवात मुलं घसरतात ती तिथेच. पुढचे तीन आठवडे त्याला एकच काम दिलं: रोज एक मोठं गणित घ्यायचं, फक्त चित्र आणि तुकडे लिहायचे, उत्तर काढायचंच नाही.

पूर्वपरीक्षेचा पेपर घेऊन दोघं आले. चार गुणांच्या गणितात शेवटचा गुणाकार चुकलेला, पायऱ्यांचे तीन गुण मिळालेले. तो खुशीत होता.

"पण उत्तर चुकलंच ना, मॅडम?" आई म्हणाल्या.

या वेळी मी मुलाला बाहेर बसायला सांगितलं.