'द्रायू' हा मुद्राराक्षस नाही

आठवीच्या विज्ञानात 'द्रायू' असा शब्द आलाय, तो 'द्रव'च्या जागी चुकून छापलाय का, आणि शिकवताना सरळ 'द्रव' म्हटलं तर काय बिघडतं, असं एका पालकांनी विचारलंय. 'पाण्याचा दबाव वगैरे सगळं द्रवाचंच तर असतं' असंही ते म्हणतात.

शब्द बरोबर आहे. 'द्रायू' म्हणजे वाहणारा पदार्थ, मग तो द्रव असो की वायू. 'द्रव'चा पुढचा 'द्र' आणि 'वायू'चं मागचं 'आयू' जोडून तो घडवलाय. धूर आणि धुकं मिळून 'धुरकं' झालं, तीच ही रीत. सरळ समास करून 'द्रववायू' म्हटलं असतं तर द्रवरूप केलेला वायू असा अर्थ लागला असता. मला 'द्रायू' मनापासून आवडतो. दोन अक्षरांत दोन्ही पदार्थ आले.

आणि ते एकत्र यायलाच हवेत. गॅरेजमध्ये गाडी उचलणारी लिफ्ट जवळून बघा. बऱ्याच लिफ्टमध्ये कॉम्प्रेसरची हवा टाकीतल्या तेलावर दाब देते, तेल तोच दाब जाडजूड दांड्याच्या बुडाशी पोचवतं, आणि हजार किलोची गाडी अलगद वर जाते. अर्धी वाट दाब हवेतून गेला, अर्धी तेलातून. नियम एकच, फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलचा: बंदिस्त द्रायूवर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. त्याचे याविषयीचे निबंध 1663 साली, मृत्यूनंतर वर्षभराने छापले गेले. त्या पुस्तकाच्या नावातही द्रवांचा समतोल वेगळा आणि हवेचं वजन वेगळं सांगावं लागलंय. इथे नुसतं 'द्रव' म्हटलं, तर मुलाला वाटणार की हवेला हे लागूच नाही. फक्त पाण्याबद्दल बोलत असाल तर 'द्रव' खुशाल म्हणा.

मात्र 'पाण्याचा दबाव' नको, 'दाब' म्हणा. दबाव माणसावर येतो: घरच्यांचा, वरिष्ठांचा, राजकीय. पदार्थाचा तो दाब. रक्तदाब, कमी दाबाचा पट्टा, 'उद्या पाणी कमी दाबाने येईल' ही पालिकेची सूचना, सगळीकडे आपण बिनचूक 'दाब'च म्हणतो. हिंदीत दोन्हीकडे 'दबाव' चालतो, तिथून तो बातम्यांत शिरलाय. गच्चीवरची टाकी एकच, पण वरच्या मजल्यावर शॉवरची धार करंगळीएवढी आणि तळमजल्यावर बादली झटक्यात भरते, कारण दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाइतका वाढतो. एका मजल्याला त्याचा तिसरा हिस्सा धरा. टाकी किती रुंद आहे याचा त्याच्याशी संबंध नाही.

लिहिताना एवढं सांभाळा: सुटा शब्द 'द्रायू' दीर्घ, समासात मात्र ऱ्हस्व, जसं वायू पण वायुदल. म्हणून विश्वकोशात 'द्रायुयामिकी' (द्रायूंवरची बलं आणि त्यांची गती यांचं शास्त्र) दिसेल, आणि स्थिर द्रायूंच्या अभ्यासाला 'द्रायुस्थितिकी'.